आखाजीच्या पाटावर दामूनाना

प्रिय आबा,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. यंदा तुमच्या नावाची पितरांची घागर गावच्या घरात भरली, आणि जे घडलं ते तुम्हांलाच सांगावंसं वाटलं.

तुम्ही गेल्यावरची पहिली घागर मी जळगावच्या खोलीत भरली होती. रजा मिळाली नव्हती. पुरणपोळी, आमरस सगळं केलं, पण आई जेवली नाही. "त्यास्ले जळगावनं घर कसं सापडी रे?" एवढंच म्हणाली. मी तिच्यावर चिडलो. चूक माझीच होती, आबा.

गावात एस.टी. आली तेव्हा तुम्ही तिला हार घातला होतात ना? तिच्यातूनच निम्मं गाव निघून गेलं. आपल्या गल्लीत आता तीन चुली पेटतात.

कापसाची गाडी घेऊन जळगावला आलात की गावचा जो भेटेल त्याला तुम्ही अडवायचात, "चाल घर." मला मात्र कधीच म्हणाला नाहीत. पोरगा कारकून झाला म्हणून भीड पडली का? मी दर वेळी वाट पाहायचो, आणि तुम्ही तब्येत विचारून बैल जुंपायचात.

काल ताट वाढलं आणि ध्यानात आलं, तुमच्या जागी पितर म्हणून जेवायला कुणाला सांगितलंच नाही! शहरात राहून इतकं विसरलो. गल्लीत फिरलो, तर दारोदार कुलपं. वडीलधारे उरले ते एकटे दामूनाना, आणि बांधावरून तुमचा त्यांच्याशी अबोला. कोणत्या तोंडाने बोलावू?

दुपार टळत आली तेव्हा तेच दारात उभे राहिले.

"बलावनं नही व्हतं, तरी उनू. तुना बाप उपाशी ऱ्हाई ना."

पाटावर बसले, पोटभर जेवले. आई तुम्हांला घालायची तसा त्यांना वारा घालत होती, आणि रडत होती. हात धुताना नाना म्हणाले, "पुढला साल मी नही ऱ्हायनू, ते आठे पाटवर कोन बठी?"

मी त्यांना त्यांच्या दारापर्यंत सोडून आलो. रागावू नका, तुमचा अबोला मी कालच मोडला.

आज सकाळी नोकरी सोडत असल्याचं पत्र टाकलं. आता आपल्या गल्लीतून धुळ्याला गेलेल्या वामनला, एरंडोलला गेलेल्या सखारामला गाठून मीच म्हणेन, घरी चला. नाही म्हणाले तरी पुन्हा जाईन, हा शब्द देतो.

तुम्ही बोलावलं नाहीत आबा, तरी मी आलोय.

तुमचाच,
रघुनाथ