डोंगर वगळून

आई,

मी प्रवास कंपनीच्या ऑफिसात जातेय, सहापर्यंत येईन. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

तुमचा हृदयाचा रिपोर्ट मला सापडला. दक्षिण अमेरिकेच्या पुस्तकात तुम्ही तो खूण म्हणून घातला होता, तोही नेमका उंचावरच्या त्या तळ्याच्या पानावर. घरात ते पुस्तक माझ्याशिवाय उघडतं कोण? डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय, अडीच हजार मीटरच्या वर जायचं नाही. तळं अडतीसशे मीटरवर आहे. तिथे एका श्वासात आपल्या इथल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो.

सुनेला कळलं तर ती आपल्या दोघींच्या सहलीचा सगळा बेतच मोडेल, असं तुम्हाला वाटलं असणार. मी मोडत नाहीये. सकाळी बसून मार्ग बदललाय. डोंगर वगळले आणि किनाऱ्यावरचे सहा दिवस वाढवले. तुम्हाला बघायचेत ते पेंग्विन नाहीतरी समुद्राजवळच राहतात. नव्या मार्गाच्या दोन जागा आज फक्त धरून ठेवायला सांगते.

तुमच्या लेकाला अजून काही बोलले नाही. ऐकून तोच आधी आडवा होईल.

उद्या दहाला आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत तुम्ही इतका वेळ का थांबता, तेही त्यांना खरं खरं सांगायचं. त्यांनी विमानप्रवासाला होकार दिला तरच तिकिटं पक्की करेन. नाही म्हणाले तर मीही एकटी जाणार नाही.

तोवर बॅग भरायला घेऊ नका.

टोपी भरली तरी चालेल.