मेंढवाड्याची कडी

४ ऑगस्ट, सोमवार

दार बंद होतं. कडी लावलेली होती. तरी बिबट्या आत गेला!

सकाळीच आणे पठारावरच्या भिमाबाबा मेंढपाळांचा फोन. तीन मेंढ्या मेल्या, एक ओढून नेली. "पोरी, तुझ्या बापाच्या वेल्डिंगच्या दुकानातलं दार हाय. येऊन बघ." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

स्कूटर काढली. आळेफाट्यापर्यंत ट्रकच ट्रक, पुढे घाट मोकळा. पठारावर वारा असा की गाडी सरळ धरवत नव्हती. जाऊन बघते तर दाराचा खांबच कललाय. आप्पांनी बसवला तेव्हा ओळंब्यात होता. खालची माती खचली, खांब बाहेर झुकला, दार आणि खांब यांच्यात फट पडली. कडीची जीभ समोरच्या खोबणीत जेमतेम नखाएवढी जात होती. बिबट्याने अंग टाकलं असेल— सुटली जीभ, संपलं.

म्हाळसाबाई, भिमाबाबांची बायको, मेलेल्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कडी व्हती की. म्याच लावली व्हती."

मी फटीचं माप घेतलं.

घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. "आपण दिलं तवा दार सरळ व्हतं. जमीन खचली, त्याला मी काय करू?" बरोबर आहे त्यांचं. आणि बरोबर असून काही उपयोग नाही!

५ ऑगस्ट

खांब सरळ करून देऊ. परत कलेल. लाकडी दार ओलीने फुगतं, लोखंडी दार बिजागरीवर खाली उतरतं. म्हणजे दार हलणारच! मग कडीलाच त्याच्या मागे हलता आलं पाहिजे. जीभ पुढेमागे, खोबण वरखाली.

शिवाय वाड्याला खालच्या बाजूला कोकरांना बाहेर सोडायची छोटी झडप आहे. तिची फट आणखी वेगळी. दोन्हीकडे एकच कडी चालली पाहिजे.

चाकणच्या कंपनीत बसून ड्रॉइंगं काढायचे तेव्हा असलं काही अर्ध्या दिवसात कागदावर उतरायचं. बघू.

९ ऑगस्ट

पहिली कडी तयार. पट्टीला लांबट भोक पाडलं, त्यात जीभ सरकवायची, हवी तिथे ठेवून बोल्ट आवळायचा. सोपी आणि सुबक. दुकानातल्या दारावर लाथ मारून पाहिली— हललीसुद्धा नाही! उद्या आण्याला जाऊन बसवते.

१३ ऑगस्ट

गेली!

मेंढ्या रात्रभर दाराला रेलतात, घासतात, ढुशा देतात. बोल्ट ढिला झाला, जीभ मागे सरकली. नशीब, कोणी आलं नाही. भिमाबाबांनी दाराला बाभळीची फांदी टेकवून ठेवली होती. माझ्या सुबक कडीवर बाभळीची फांदी!

२१ ऑगस्ट

दुसरी. यावेळी आटे पाडलेला गज, फिरवला की जीभ पुढे येते, मागून दुसरा नट आवळला की पक्की. ढिली व्हायचा प्रश्नच नाही. म्हाळसाबाईंना पाना दिला, कसा फिरवायचा ते दाखवलं. त्यांनी पाना हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला.

"आन् ह्यो हरवला की?"

"हरवू नका."

"बरं."

आता वाटतंय, असं बोलायला नको होतं.

२९ ऑगस्ट

पाना हरवला नाही. गजच गंजला. लेंड्या, मूत, धूळ— आट्यांत भरून सगळं दगडासारखं झालंय. मी स्वतः दोन्ही हातांनी पाना धरून लोंबकळले, हलेना. हाताची साल निघाली तेवढी.

आप्पा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, "अश्वे, गिऱ्हाईक ग्रीलसाठी उभं हाय आन् तू कडी घासत बसलीस. आमच्या बापाच्या टायमाला दाराला अडसर लावायचे. आडवं लाकूड. बास!"

मी म्हटलं, "मग अडसराच्या काळात मेंढ्या मरत नव्हत्या का?"

"मरत व्हत्या. पन कुणी कडी करनारीला दोष देत नव्हतं."

मी ग्राइंडर चालू केला.

३० ऑगस्ट

काही केलं नाही. ग्रीलं केली.

३ सप्टेंबर

अडसर डोक्यातून जाईना. अडसर हलत नाही कारण तो जड असतो. बोल्ट नको, आटे नकोत, स्प्रिंग तर नकोच. वजनच वापरायचं!

जिभेला वरून करवतीसारखे दात पाडायचे. त्यावर एक जड खुंटी, आपल्या वजनाने दातात पडणारी. जीभ पुढे ढकलली की खुंटी एकेक दात ओलांडून टक-टक करत पुढच्या खाचेत पडते. मागे यायचं नाव नाही. जीभ जराशी उतारावर बसवायची, म्हणजे दाराला धक्का बसला की आपणच पुढे सरकते; उघडायचं तर खुंटी वर उचलायची. फट लहान असो, मोठी असो, जीभ जिथवर जाईल तिथे अडकते. पाना नको, काही नको. समोरची खोबण उंच आणि तोंडाशी रुंद केली, की दार खाली उतरलं तरी जीभ चुकणार नाही.

इतकं साधं! महिना घालवला मी.

८ सप्टेंबर

बसवली. दारावर आणि झडपेवर, दोन्हीकडे. टक-टक-टक! भिमाबाबा दोनतीनदा उघडून लावून बघत राहिले, पोरासारखे. "लई झाक! आवाजावरनंच कळतंय लागली म्हणून."

म्हाळसाबाईंनी चहा केला. बकरीच्या दुधाचा. दोन कप प्यायले.

११ सप्टेंबर

आज मेले असते तर बरं झालं असतं.

दुपारी म्हाळसाबाई एका आजारी मेंढीला औषध पाजायला वाड्यात गेल्या. वाऱ्याने दार आपटलं. टक-टक-टक. खुंटी बाहेरच्या बाजूला! आतून उघडायला काही ठेवलंच नव्हतं मी. भिमाबाबा कळप घेऊन लांब, फोन घरात, वर पत्रा तापलेला. ओरडून ओरडून घसा बसला त्यांचा. दिवस कलताना भिमाबाबा परतले तेव्हा त्या कोकरांच्या पाण्याच्या घमेल्याशी पडून होत्या. तेच पाणी पिऊन राहिल्या.

मी पोचले तेव्हा बाजेवर बसल्या होत्या, कपाळावर ओला पदर. मला वाटलं शिव्या देतील. तर हसल्या!

"पोरी, कडी तुझी एक नंबर. वाघाचं ठाव न्हाई, मला मातुर कोंडलं बघ."

भिमाबाबा हसले नाहीत. म्हणाले, "काढून ने."

काढली. दार सुतळीने बांधलं.

१४ सप्टेंबर

तीन दिवस दुकानात गेले नाही. आप्पांनी जेवताना एकदाच विचारलं, "बाई बरी हाय का?" म्हटलं, बरी आहे. "मग रडतीस कशाला? आतनं उघडनारी कर."

१८ सप्टेंबर

आतून वर उचलायचा दांडा लावला. दुकानात झकास चालला. आण्याला नेला, भिमाबाबांच्या हातापाया पडले तेव्हा कुठे त्यांनी बसवू दिला. आम्ही बाहेर उभं राहून बघतोय, तर एका मेंढीने मान घासली, दांडा उचलला गेला, दार उघडं! ती बाहेर. तिच्या मागे सगळा कळप बाहेर!

भिमाबाबा काठी घेऊन पळतायत, मी पळतेय, म्हाळसाबाई दारात बसून पोट धरून हसतायत.

मला हसू आलं नाही. गाडीवर बसल्यावर एकदम आलं, घाटात. थांबावं लागलं.

२४ सप्टेंबर

दांडा नाही, कडं. आधी पिळायचं, मग ओढायचं. मेंढीला पिळता येत नाही. बिबट्यालाही येत नाही. वरून पत्र्याची टोपी, म्हणजे वाड्याच्या जाळीतून पंजा घातला तरी पोचणार नाही. म्हाळसाबाईंना आत उभं केलं, दार लावलं. आतून कडं पिळून त्या बाहेर आल्या. परत आत गेल्या. परत बाहेर. सातआठ वेळा!

"आता ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "आता ठेव."

६ ऑक्टोबर

आला होता!

सकाळी भिमाबाबांचा फोन. "पोरी... आला व्हता... सगळी हायेत." जाऊन बघितलं. दाराच्या पत्र्यावर नखांचे ओरखडे, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. खांब आणखी थोडा कलला होता, बहुतेक त्यानेच रेटलं असेल. पण जीभ आणखी एक दात पुढे गेली होती! त्याने जितकं हलवलं तितकी घट्ट झाली.

मेंढ्या मोजल्या. सगळ्या.

आप्पांना फोटो दाखवला. बराच वेळ मोठा करून बघितला. "ही वेल्डिंग जरा जाड झालीया," एवढंच बोलले. मग चहा प्यायला गेले आणि टपरीवर सगळ्यांना सांगून आले. टपरीवाल्याकडून कळलं.

८ ऑक्टोबर

आण्याहून आणखी मागण्या. मढ गावाहून एक जण येऊन गेला, त्याला शेळ्यांसाठी पाहिजे. ग्रीलवाली गिऱ्हाइकं ओरडतायत. खूश असायला पाहिजे मी. पण प्रत्येकाचं वेगळंच! कुणाला छोटी पाहिजे, कुणाला कुलूप लावता येणारी, कुणाला 'ते टक-टक जरा कमी' पाहिजे. डोकं उठलंय.

१३ ऑक्टोबर

भिमाबाबांची मुलगी आली होती दुकानात. सुप्रिया नाव. मंचरच्या अलीकडे दिली आहे. माझ्याहून दोनतीन वर्षांनी लहान असेल. आईने फोनवर कडीचं सांगितलं म्हणे.

"शेळ्या आहेत का मेंढ्या?"

"न्हाईत. घरातल्या आतल्या खोलीला लावायचीय."

फटीचं माप सुतळीला गाठ मारून आणलं होतं. बघितलं तर चांगली चार बोटं! म्हटलं, एवढी फट कुठल्या घरातल्या दाराला असते? माप चुकलंय. "न्हाई चुकलं, ताई."

आणि तिला कडी आतूनच लागायला पाहिजे. बाहेरून कशानेच उघडायला नको. मी म्हटलं, तुमच्या आईचं काय झालं माहीत आहे ना? आत कुणाला चक्कर आली, पडलं, तर बाहेरच्या माणसाने काय करायचं? चांगलं लांबलचक सुनावलं तिला. ती खाली बघून ऐकत होती.

"तुमचं खरं हाय, ताई. पन मला तशीच पाहिजे."

वैताग आला मला. अशी करून देणार नाही म्हणाले. मग तिचं तोंड बघून म्हणाले, आधी येऊन दार बघते. "दुपारी या," म्हणाली. "दुपारी घरात कुणी नसतं."

१६ ऑक्टोबर

शेवटी केली तशी; बसवायची की नाही ते दार बघून ठरवीन. कड्याची बाजू फिरवली, बाहेरचं सगळं पत्र्याने झाकलं. दाताची पट्टी लांब घेतली. ग्राइंडरवर पुन्हा तेच डोक्यात— चार बोटं फट कशी पडते? ही काही मातीत पुरलेली चौकट नाही.

आप्पा म्हणाले, "मागतीय तशी दे की. तुला काय करायचंय?"

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुप्रियाच्या त्या खोलीची चौकट बाहेरून लाथा घालून फोडलेली आहे. दारावर खालच्या बाजूला बुटांचे ठसे, एकावर एक. आधीच्या दोन कड्या स्क्रूसकट उपटून निघालेल्या, भोकं तशीच. सुप्रियाने बाह्या वर केल्या नाहीत, मीही करायला लावल्या नाहीत. तिच्या नवऱ्याचं नाव तिने घेतलं नाही.

मी ड्रिल काढलं, बिट बसवली, भोकाची खूण केली. विचारलं, "इथे बसवू?"

तिने त्या फटीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "कडी नको, ताई. मला आईकडं सोडता का?"

कडी पिशवीत टाकली. सुप्रियाला मागे बसवलं आणि आण्याला नेऊन सोडलं.