आबांचा पहिला नकार

घोडेगाव,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
स्नेहलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या वकीलबाईंचा निरोप पोहोचला. तुरुंगात पत्रे चालतात, मात्र मजकूर घरगुती असावा, असे त्यांनी कळवले आहे. मी हाताने लिहायचे, मोबाईलवर फोटो काढून त्यांना पाठवायचा आणि त्यांनी तो छापून तुझ्या हाती द्यायचा. एवढ्या फेऱ्या घालून पोहोचणाऱ्या पत्रात शुद्धलेखनाची चूक राहू नये, म्हणून हे मी दुसऱ्यांदा उतरवत आहे. हसू नकोस.

गावात कुणी विचारले की मी ठरलेली दोन वाक्ये सांगते. दादा एका संस्थेतर्फे परदेशात निर्वासितांच्या छावणीत परिचारक होता. एका अडलेल्या बाईला रुग्णवाहिकेतून सीमेपलीकडच्या इस्पितळात नेताना त्याला आणि चालक हारूनला धरले, आणि माणसे चोरून नेल्याचा आरोप ठेवला. त्यापुढे मी विषय बदलते, हे तुला माहीतच आहे. आईचे तसे नाही. गावात बाळंतिणी कमी हायत व्हय, म्हणून हा एवढ्या लांब गेला, असे भीमाकाकूने विचारले. तर तुझ्या सुनेच्या येळंला गाडी कुनी आनली हुती, ते आधी आठव, असे आईने तिला तिथल्या तिथे ऐकवले.

दलाली थोडी मिळाली तरी आबा शुक्रवारचा गुरांचा बाजार चुकवत नाहीत. परवा मीही गेले होते. धुक्यात जनावरांचे श्वास तेवढे दिसत होते. भाव ठरवायला टॉवेलाखाली दोन हात गेले, बोटे दाबली गेली, तोंडाने कुणी काहीच बोलले नाही आणि आबांनी मान हलवली. पहिल्या भावाला ‘नाही’ म्हणायचे, हा त्यांचा नियम. आईला पाहायला गेले तेव्हाही त्यांनी आधी नाहीच म्हटले होते, आणि आई ते अजून विसरलेली नाही.

त्या रात्री मला स्वप्न पडले. बाजारातली सगळी माणसे निघून गेली होती, जनावरे मागे राहिली होती आणि तू त्यांच्यामधून चालत प्रत्येकाला त्याचे गाव विचारत होतास.

जेवतोस का, ते कळव. लोभ आहेच, तो इतक्या दूरवर पुरावा, एवढेच मागणे.

तुझी,
स्नेहल


१ डिसेंबर

चि. स्नेहलला दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी इतक्यांदा वाचले की घड्यांवरची अक्षरे पुसट झाली. जेवतो. भाकरी नाही, पण जाडसर रोटी असते.

आमची खोली लांबट आहे. उंचावर एक झरोका आहे. दुपारी त्यातून उन्हाचा पट्टा उतरतो आणि भिंतीवरून चालत चालत हारूनच्या गुडघ्यावर येऊन बसतो. एकाच खटल्यातले म्हणून आम्हा दोघांना बोलायला मनाई आहे. म्हणून मी त्याला आबांचा बाजार शिकवला. घोंगडीखाली हात घालतो आणि बोटांनी भाव करतो. त्याचे वडील मेंढ्या राखत, त्यामुळे तो लवकर शिकला आणि माझ्याहून चिवट निघाला. काल मी त्याच्याकडून एक गाय घेतली. मग डोळे मिटून बसलो, तर खोलीभर गवताचा वास. ती गाय कुठे बांधावी, याच विचारात मला झोप लागली.

हे पत्र वकीलबाई स्वतः बाहेर नेणार आहेत, म्हणून पुढचे लिहितो. इथल्या सरकारी वकिलांनी एक कागद पुढे केला आहे. हारूनने मला फसवले, गाडी कुठे चालली होती ते मला ठाऊक नव्हते, असे त्यात आहे. मी सही केली तर मला घरी पाठवतील आणि तो एकटा शिक्षेला उभा राहील. खरे असे आहे की तो घाबरला होता आणि गाडी सीमेकडे वळव असे मीच त्याला सांगितले. त्याला दोन लहान मुली आहेत.

दिवसा वाटते, सही करू नये. पहाटे जाग आली की आईचा चेहरा दिसतो आणि वाटते, करून टाकावी. माझ्याने ठरत नाही. संस्थेचे पुण्याचे साहेब आबांना फोन करतील. आबा म्हणतील तसे करीन.

आईला जप. तुझ्या शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी.

दादा


घोडेगाव,
८ डिसेंबर २०२४
(हे पत्र पाठवले नाही.)

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज आले. साहेबांचा फोन परवाच येऊन गेला.

आबा बाजारातून नुकतेच परतले होते. साहेबांनी हारूनचे काही सांगितले नाही. एक कागद आहे, कल्याणने सही केली तर तो आठवड्यात घरी येईल, घरच्यांची तयारी आहे का, एवढेच त्यांनी विचारले. आबांचा हात खांद्यावरच्या टॉवेलाकडे गेला. तो मी पाहिला, दादा, आणि मला कळायच्या आत आबा म्हणून गेले की आसं न्हाई जमायचं.

साहेब काहीतरी वाढवून बोलतील, म्हणून ते थांबले. साहेबांनी बरे, तसे कळवतो म्हटले आणि फोन ठेवला. आबा कितीतरी वेळ मोबाईलकडे पाहत राहिले. भाव न वाढवता गिऱ्हाईक उठून जाते, हे त्यांना पटेचना. आईने मला लगेच फोन लावायला सांगितले, तर निरोप पुढे गेला होता.

आई आबांशी बोलत नाही. ताट वाढते आणि भिंतीला सांगते की जेवून घ्या. तुझे पत्र मी वाचून दाखवले; हारूनच्या मुलींचा उल्लेख आला, तेव्हा आईने तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. आता कुणाला काय हवे आहे, ते कुणीच बोलत नाही.

हे तुला कसे कळवावे, ते मला सुचत नाही.

स्नेहल


१६ डिसेंबर

चि. स्नेहलला आशीर्वाद. आई-आबांना माझा साष्टांग नमस्कार.

घरच्यांचा नकार आहे, असा निरोप मिळाला. मला वाटले होते, आबा म्हणतील की आधी पोरगं घरी येऊ दे, मग जगाचं बघू. मी त्यांना ओळखलेच नव्हते. हारूनला त्यांनी पाहिलेले नाही, तरी त्याच्यासाठी त्यांनी माझे येणे लांबवले. मीही सही करणार नाही असे सांगून टाकले आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपलो. स्वप्नात आबा माझ्या पाठीशी उभे होते, आणि त्यांच्या मागे सगळे घोडेगाव.

आबांना हे वाचून दाखव. समोरासमोर मला कधी म्हणता आले नसते.

तुमचा लोभ किती मोठा आहे, ते आता समजले.

कल्याण


घोडेगाव,
२३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
स्नेहलचा नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र मी वाचून दाखवले. आबा मधूनच उठून गोठ्यात गेले. परत आले तेव्हा त्यांनी मला बजावले की पोरगा म्हनतोय, तसंच आपल्या मनात हुतं, आसं लिही. त्यावर आई इतक्या दिवसांनी प्रथमच त्यांच्याशी बोलली. लेकराला खोट्या आधारावर हुभं करू नका, असे ती म्हणाली. उद्या पाय घसरला तर मागं कोन हाय आन् कोन न्हाई, हे त्याला ठावं पायजे. तू घरी यावास म्हणून सगळ्यात जास्त झुरते ती हीच, हे ध्यानात घे. आबा खूप वेळ टॉवेलाची घडी घालत बसले. मग म्हणाले, लिही.

म्हणून लिहिते. फोन आला तेव्हा हारूनवर काय लोटले जाणार आहे, हे या घरात कुणालाच माहीत नव्हते. साहेबांना आबांनी जे उत्तर दिले, ते शुक्रवारच्या बाजारात कुणालाही देतात तेच. तो विचार नव्हता, सवय होती. तुझी झोप मी मोडते आहे, हे मला कळते.

कागद सुनावणीपर्यंत खुला आहे, असे वकीलबाई म्हणतात. सही केलीस तरी हे घर तुझेच, न केलीस तरी तुझेच. दोन्हींपैकी कशासाठीही इथे कुणी तुला बोल लावणार नाही. मात्र ठरवायचे तुला एकट्याला आहे. आबा विचारतात की तू रागावलास का. त्यांना काय सांगू?

उत्तराची वाट पाहते. राग असला तर तोही लिही.

तुझी,
स्नेहल


१० जानेवारी २०२५

चि. स्नेहलला दादाचे आशीर्वाद.

रागावलो. अर्धा दिवस मी कुणाकडे पाहिले नाही. मग आबा मोबाईलकडे बघत बसलेले डोळ्यांपुढे आले आणि इतका हसलो की पहारेकऱ्याने दुसऱ्याला बोलावून आणले. रात्री मात्र भीती परत आली. मागे वळून पाहिले, तर तुम्ही कुणीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद पुन्हा मागवून घेतला. ऊन सरेपर्यंत मांडीवर ठेवला. पेनही दिले होते. हारून पलीकडे तोंड करून बसला. मला लाज वाटू नये म्हणून असावे. संध्याकाळी कागद सही न करताच परत दिला. तेव्हा हा नकार माझा आहे, आणि आबांनी त्यावर दलाली मागू नये.

काल सुनावणी झाली. गाडी वळवायला मीच लावली, असे न्यायाधीशांपुढे सांगितले. दुभाष्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. हारूनची बायको मुलींना घेऊन आली होती. धाकटी बाकावर झोपली होती, आणि तो तिच्याकडेच पाहत राहिला. निकाल मार्चमध्ये आहे. वकीलबाईंच्या मते त्याची शिक्षा आता कमी होईल, आणि माझी वाढेल.

खरे लिहिलेस, ते बरे केलेस. यापुढेही असेच लिहीत जा. तुम्हा सर्वांचा लोभ मला बरेच दिवस पुरवायचा आहे.

आईला सगळे एकदम वाचून दाखवू नकोस. आधी एवढेच सांग की मी बरा आहे, आणि मला यायला उशीर होईल.

तुझा,
कल्याणदादा