बोगद्यातलं वारं

४ मार्च

भंगारात! बोगदा भंगारात काढणार!

कॉलेजमागच्या शेडमधला विंड टनेल — शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याला बोगदाच म्हणतात. १९७२ साली दिल्लीच्या पैशाने उभा राहिला. आत विमानाची प्रतिकृती टांगायची, एका टोकाच्या पंख्याने जोराचं वारं खेचायचं आणि ती किती उचलली जाते ते मोजायचं. माझ्या मैत्रिणीने, गुणमालाने, तिथे किती तुकड्या शिकवून बाहेर काढल्या. मी इतिहासवाली, तरी वर्गाच्या वर्ग घेऊन जायची. आता शेड पाडून तिथे लग्नाचं लॉन होणार.

निर्णय तात्यासाहेबांचा. कॉलेजचे अध्यक्ष तेच, साखर कारखान्याचे चेअरमन तेच, व्याख्यानमालेचे सर्वेसर्वाही तेच. लोक म्हणतात त्यांना खुर्चीचा सोस आहे. खोटं. ते जिथे बसतात तिथे खुर्ची उगवते!

संध्याकाळी सुभेदारांना सांगितलं. नवरा सैन्यातून सुभेदार म्हणून सुटला, घरात अजून सुटायचा आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षं वाळवायच्या जाळ्या झाडत होते. म्हणाले, "वापरत न्हाईत तर ठेवून काय करायचं?" आणि आपला राक्षस पंखा चालू केला. म्हणजे माझं पुढचं ऐकायला नको! मिरजेच्या भंगारवाल्याकडून तो आणल्यापासून ह्या घरात वाद घालायची सोय राहिली नाही. पण ढगाळ दिवसांत सगळ्यांचा बेदाणा काळा पडतो, आमचा हिरवागार राहतो. म्हणून गप्प बसते. यंदा तर सगळी द्राक्षबाग बेदाण्यालाच टाकली आहे.

७ मार्च

तात्यासाहेबांकडे जाऊन आले. चांगली तासभर फैलावर घ्यायची तयारी करून गेले होते. त्यांनी चहा पाजला, दोनदा "ताई, तुमचं बरोबर हाय" म्हणाले. बरोबर आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

मग सौदा. व्याख्यानमालेत मी बोलायचं. विषय माझाच — आकाश जिंकायला पैसा कुणी दिला. शेवटी अध्यक्षीय भाषणात ते बोगद्याचा शब्द देणार. त्या मंचावरून दिलेला शब्द आजवर कुणी मोडलेला नाही. मुलींचं वसतिगृह अशाच एका शब्दावर झालं, त्यांच्या वडिलांच्या.

"पर ताई, ती बैलगाडी सांगायची. इस्लामपुरात सांगितली तशी. माणसं रडाय पायजेत."

९ मार्च

कारखान्याची निवडणूक एप्रिलात. तात्यासाहेबांच्या पॅनलचं चिन्ह — बैलगाडी. मला कळतं सगळं, फक्त दोन दिवस उशिरा.

१२ मार्च

भाषणाचा सराव. श्रोते — सुभेदार, एक.

सरकारचा पैसा नसता तर माणूस जमिनीवरच राहिला असता, अशी सुरुवात केली. लगेच हात वर. "पयलं विमान सरकारनं उडवलं व्हय?"

नाही. सांगणं भाग पडलं. अमेरिकन सरकारने एका बड्या प्राध्यापकाला पन्नास हजार डॉलर दिले. त्याचं विमान सरळ नदीत पडलं. नऊ दिवसांनी सायकलचं दुकान चालवणारे दोघे भाऊ उडाले, स्वतःच्या खर्चाने.

"मग तुझा मुद्दा बी नदीतच पडला की."

आणि उठून जाळ्या बघायला गेले! सैन्याच्या पगारावर आणि पेन्शनवर जगलेला माणूस सरकारी खर्चाला हसतो!

पण मुद्दा नदीतून बाहेर काढला. उडणं ही एका दिवसाची गोष्ट. पुढे काय झालं? त्याच भावांनी सगळ्यांवर पेटंटचे खटले भरले आणि अमेरिका मागे पडली. मग १९१५ मध्ये सरकारने एक समिती नेमली, पहिल्या वर्षी पाच हजार डॉलर हातावर ठेवून. त्या समितीने पुढे बोगदे बांधले, पंखांचे आकार वाऱ्यात तपासले आणि निष्कर्ष छापून टाकले. ज्याला हवे त्याने घ्यावेत! रॉकेटचं काय सांगू? पहिला मोठा पैसा जर्मन सैन्याचा, तोही शहरांवर बॉम्ब टाकायला. स्वच्छ हातांनी आकाशात फारसं कुणी गेलेलं नाही. हेही बोलणार. ज्याची बाजू घ्यायची त्याची घाण झाकायची, हा धंदा पुढाऱ्यांचा.

राहिली बैलगाडी. १९८१ — आपला उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला तो फोटो. मी सांगते ते असं: गरीब देश, ट्रक परवडेना, पण नजर आभाळावर! इस्लामपूरला बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. आज मुळातून वाचलं. ट्रकचा प्रश्नच नव्हता! अँटेना तपासायची होती, धातूच्या गाडीने गडबड केली असती, म्हणून मुद्दाम लाकडी गाडी आणली. गरिबी नव्हे, अक्कल! मला हे कितीतरी जास्त आवडलं.

पण ह्यात रडायचं कुठे?

१६ मार्च

झालं भाषण.

हॉल भरलेला. मंचाच्या शेजारी तात्यासाहेबांनी खरीखुरी बैलगाडी उभी केलेली, बैलांसकट. शिंगं रंगवलेली. वर थर्माकोलचा उपग्रह, चॉकलेटच्या कागदात गुंडाळल्यासारखा. तात्यासाहेब जुवावर हात ठेवून फोटो काढून घेत होते. गाडी ऊसवाहतुकीची — लोखंडी साटा, टायरची चाकं. लाकडी गाडी तालुक्यात मिळाली नाही म्हणे. मिळणार कुठून? आपणच मोडून खाल्ल्या.

पाऊण तास नीट गेला. नदीत पडलेलं विमान सांगितलं, लोक पोट धरून हसले. मग गाडी आली. तात्यासाहेब पुढे सरकून बसले. खिशातून रुमालसुद्धा काढला!

खरं सांगून टाकलं. मी म्हणाले, ही गाडी लोखंडाची आहे, हिच्यावर ठेवला असता तर चाचणीच फसली असती. ती गाडी गरिबीची नव्हती, डोक्याची होती. तुमच्या गरिबीवर टाळ्या मागणाऱ्यांपासून सावध राहा.

मग मागून कुणीतरी — "तात्यासाहेब, चिन्ह बदला आता." हॉलभर हशा. एक बैलही हंबरला.

तसाच शेवट केला. सरकारच्या पैशाने जे उभं राहतं ते सगळ्यांचं. ते कुणा एकाच्या शेडमध्ये अडकता कामा नये. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत सुभेदार टाळ्या वाजवत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा पाहिलं.

मग तात्यासाहेब उठले. रुमाल घडी करून ठेवला. "ताईंनी आमची गाडी लोखंडाची ठरवली. बरोबर हाय. लाकडाच्या गाडीत तुमचा ऊस मावत न्हाई." माझ्यापेक्षा मोठ्या टाळ्या! माणूस हरत नाही.

"आता बोगद्याचं. पाडव्याला ताईंनी त्यात वारं सोडून दाखवावं. सुटलं, तर आमी हात लावणार न्हाई. न्हाई सुटलं, तर लॉन."

शब्द तर मिळाला. पण तात्यासाहेब हसत का होते ते कळलं नाही.

१७ मार्च

घसा बसला. सुभेदारांनी वाटीभर बेदाणा आणून ठेवला. "खा. तुझ्या भाषणापेक्षा गोड हाय."

२१ मार्च

कळलं का हसत होते.

प्राचार्यांनी आज किल्ली दिली. बोगदा उघडला. जिथे विमानाची प्रतिकृती टांगायची तिथे काठ्या बांधून कुणीतरी शेवया वाळत घातलेल्या! स्वच्छ, धुतलेल्या धोतरावर. बरं, त्यांचा काय दोष? जागा कोरडी, मांजर येत नाही.

पुढच्या टोकाला गेले. पंखा नाही. मोटार नाही. गोल भोक, कडेने गंजलेले बोल्ट. भोकातून पलीकडचा ऊस दिसत होता.

विकून खाल्ला! देशाने आपल्या पोटाला चिमटा काढून आणलेली वस्तू कुणीतरी उचलली आणि कुणीतरी मुकाट विकत घेतली. विकणारा चोर, पण घेणारा? त्याला एकदाही वाटलं नाही विचारावं, की हे कुठलं? असा माणूस माझ्यासमोर यावा. एकदाच. माइकची गरज लागणार नाही.

जेवताना सगळं सुभेदारांना ऐकवलं. त्यांनी एकच विचारलं — "केवढा व्हता?"

बोल्टांच्या अंदाजाने दोन्ही हात पसरून दाखवले. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि शेडकडे गेले. परत आले तरी उरलेली भाकरी खाल्ली नाही.

२३ मार्च

सकाळपासून आभाळ भरून आलं आहे.

सांगलीला गुणमालाला फोन. नवा पंखा बसवता येईल का? म्हणाली, "पाडव्यापर्यंत? विसर गं. तो पंखा बाजारात मिळणारा नव्हता. बंगळूरहून पेट्यांत आलेला. पाती सागवानी, हातानं घासून आकार दिलेली. आमची पोरं पात्यांना हात लावायच्या आधी हात धुवायची." मग म्हणाली, "कुणीतरी चुलीत घातली असतील आता."

मी म्हणाले, असतील.

फोन ठेवला. परसातून घरघर येत होती.

२४ मार्च

शेडमध्ये गेले. सुभेदारांनी पात्यांना मारलेला हिरवा ऑइलपेंट नखाने खरवडला. साग.

ते मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, त्या दिवशी तू हात पसरलेस तवाच कळलं. मग बटण बंद करून पाना माझ्या हातात दिला. "सगळ्यांचं म्हणालीस. त्या सगळ्यांत आमी न्हाई व्हय?"

मी पाना नटाला लावला.

पहिला नट मला हलेना. तो त्यांनी सोडवला. बाकीचेही. पंखा बोगद्याकडे न्यायला ट्रॉलीत चढवला. जाळ्यांवर सगळ्या बागेची द्राक्षं, अर्धी ओली. वर आभाळ तसंच, आणि वारं अजिबात नाही.