ऑक्टोपसवरून धरलेला राग

प्रिय धाकट्या,

गेल्या मंगळवारी सकाळी मी अण्णांच्या कानात माझे इअरफोन घातले. त्यांनी चहाचा कप अंथरुणातच उपडा केला होता, तुझी वहिनी कंबर धरून बसली होती आणि मला सगळं पुसून, त्यांचे कपडे बदलून कामावर पोचायचं होतं. काहीतरी ऐकत बसले तर जागचे उठणार नाहीत, एवढाच माझा विचार. तू पाठवलेला त्या विनोद करणाऱ्या माणसाचा पॉडकास्ट लावून दिला. अण्णा आधी दचकले आणि मग चक्क हसायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. दुकानात कपड्यांचं माप घेताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की हसायचे, अगदी तसे. मी ओलं फडकं हातात धरून बघत राहिलो. मग एक कान मोकळा करून त्यांनी मला सांगितलं, "धाकटा बोलतोय. त्याला म्हणावं, जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

हे तुला त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. पण आपलं बोलणं कुठे उरलंय? तू अण्णांसाठी त्या वृद्धांच्या संस्थेचं नाव काढलंस, तिथे नर्स असतात, डॉक्टर येतात म्हणालास, तेव्हा मी म्हटलं होतं की माझ्या घरातून देव हलणार नाही आणि अण्णाही हलणार नाहीत. मग बस दोघांची पूजा करत, असं म्हणून तू चपला घातल्यास. त्यानंतर आपल्या घरच्या बातम्या जावा-जावांच्या फोनवरूनच इकडच्या तिकडे होतात.

आणि मग एका दुपारी तुझी पहिली लिंक आली. वर एक अक्षर नाही, खाली एक अक्षर नाही. आमच्या लाँड्रीत तू आला नाहीस कधी. ओल्या चादरीचे दोन कोपरे मी धरायचे, उरलेले दोन माझ्या जोडीला असणाऱ्या अक्काने, आणि चादर तापलेल्या रोलरमध्ये सोडायची, दिवसभर हेच. हात कामात, डोकं रिकामं. म्हणून एका कानात लावून ऐकलं. ऑक्टोपसची मादी अंडी राखत बसते, काही खात नाही, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिचा जीव संपत येतो, असं त्यातली शास्त्रज्ञ बाई सांगत होती. आपल्या गावच्या शाळेत विज्ञान म्हणजे भिंतीवरचा एक फाटका तक्ता. मला ते इतकं नवं होतं की मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आणि दुसऱ्यांदा ऐकताना डोक्यात प्रकाश पडला: हा मलाच सांगतोय! बस राखत, मर उपाशी. तिडीक आली. संध्याकाळी शोधून शोधून मी तुला कर्तव्य म्हणजे काय, यावरची एक चर्चा पाठवली. म्हटलं, घे उत्तर.

तिथून सुरू झालं. तू झोपेवरचं पाठवलंस, झोप न मिळाल्यास मेंदूचं काय होतं ते. मी म्हटलं, आमच्या रात्री कशा जातात हे याला कुणी सांगितलं? तू तो विनोदवाला पाठवलास, ज्याचे वडील टीव्हीच्या रिमोटवरून फोन लावतात. मला वाटलं, अण्णांची टिंगल. चार दिवस तुझ्यावर धुमसत होतो. मग ते दोन प्राध्यापक, होडीची एकेक फळी बदलत नेली तर शेवटी होडी तीच राहते का, यावर तासभर वाद घालणारे. मला ऐकू आलं, अण्णा आता ते अण्णा राहिलेले नाहीत. तेव्हा मी रोलरपाशी उभा राहून तुझ्याशी मनातल्या मनात असा भांडलो की चादर तिरकी गेली. अक्का ओरडली, "महाराज, कानात काय प्रवचन चाललंय का?" मी म्हटलं, होडी आहे. ती म्हणाली, "मग बुडवा ती आणि कोपरा धरा!" हल्ली तीही ऐकते. विनोदाचे भाग मी तिला देतो, ती अख्ख्या हॉलला देते. ऑक्टोपस मात्र तिने परत केला, म्हणाली, "घरी मीच ऑक्टोपस आहे की."

मंगळवारी रात्री तुझ्या वहिनीने अण्णांचं हसणं फोनवर तुझ्या बायकोला सांगितलं. ती खळखळून हसली. म्हणाली, "ताई, हे कुठे काय ऐकतात! कारखान्यातलं कुणीतरी यांना पाठवतं, हे दादांना पाठवतात. एकदाही उघडून बघितलेलं नाही. म्हणतात, दादाशी काय बोलावं सुचत नाही, अन् रिकाम्या हाताने कसं जायचं त्याच्याकडे?"

धाकट्या, मी भिंतीला टेकून बसलो. इतके महिने मी ज्याच्याशी भांडत होतो तो तू नव्हतासच. ऑक्टोपसला अण्णांचं काय ठाऊक? तू मरशील, तू थकलायस, आता पुरे कर, हे सगळं कुणीच मला म्हणालेलं नव्हतं. ते माझं मीच म्हणत होतो, आणि तुझ्या नावावर ढकलून तुझाच राग करत होतो. तू बोलतोयस असं वाटे तोवर नाही म्हणणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या शर्टाची बटणं लावत होतो. त्यांनी माझा हात धरला आणि अगदी आदराने म्हणाले, "तुम्ही रोज येता. काम चांगलं आहे तुमचं. पण फार दमलेले दिसता. घरी तुमची वाट बघत असतील, जा आता." मी म्हटलं, हो, जातो. आणि खरंच जिन्यात जाऊन उभा राहिलो. नेहमी देवाकडे एकच मागायचो, बळ दे. त्या दिवशी ते मागावंसं वाटलं नाही. नुसतं विचारलं, आता पुरे करू का? तो कधीच बोलत नाही, पण रागावलाय असंही वाटलं नाही.

आज सकाळी अण्णांना त्या संस्थेत पोचवून आलो. खिडकीजवळची खाट मिळाली आहे. नर्स पोरगेलीच आहे, पण तिने आत आल्या आल्या त्यांना 'आजोबा' म्हणून हाक मारली आणि त्यांनी उलट तिच्या बाहीची शिवण उसवलीय म्हणून तिला दाखवलं. मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं नाही कुठे चाललात. तुझी वहिनी घरी आल्यापासून झोपली आहे, भर दुपारी, तोंडावर पदर घेऊन. त्यांची खोली मी अजून आवरलेली नाही. हे तुला लिंक पाठवून कळवता येणार नव्हतं, म्हणून पत्र. तू बरोबर होतास असं म्हणणार नाही, तेवढी माझ्याकडून अपेक्षा ठेवू नकोस. फक्त या रविवारी त्यांना भेटायला तू जा. मी झोपणार आहे.

तुझाच,
दादा