दुखण्याचा आकडा

ती. आईस नमस्कार.

जेवण वेळेवर मिळतं, खोलीत ऊन येतं. पाठीच्या मणक्याला बारीक चीर गेली आहे, तीन महिने बॉलिंग बंद. भरून येईल म्हणतात, तेव्हा रडत बसू नकोस.

माझं मात्र डोकं फिरलंय. इथे अकादमीत रोज सकाळी ट्रेनर वही घेऊन विचारतो, पाठ किती दुखते, शून्य ते दहा. चारच्या वर आकडा गेला की त्या दिवशी बॉलिंग नाही, असा त्यांचाच नियम. मी पाच म्हणालो, तर त्याने माझ्या डोळ्यांदेखत तीन लिहिलं. म्हणे, "उद्या मॅच आहे रे, अंग गरम झालं की जाईल." मॅचच्या ओव्हर मोजतात, नेटमध्ये बॅट्समनना तासन् तास टाकलेले बॉल कुठल्याच वहीत नाहीत. वर कोच सगळ्यांसमोर म्हणतो, वेग कमी झालाय, मन लावून टाक. मन काय मणक्यात असतं?

त्याहून जास्त राग माझाच येतो. आठवडाभरात मी स्वतःच तीन सांगायला लागलो. परवा डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उठून बसता येत नव्हतं, तरी तोंडातून तीनच निघालं. तुलाही फोनवर "जरासं आखडलंय" म्हणालो होतो.

धाकटीला सांग, माझे बूट कुणाला देऊ नकोस. लागणार आहेत.

तुझा गुडघा कसा आहे? "बरा आहे" लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. शून्य ते दहा, खरा आकडा कळव.

तुझाच,
खोटारडा