एकोणतिसाव्या दिवसाची त्रुटी

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना माझा नमस्कार, आणि तुमच्या अंगणातल्या त्या भल्यामोठ्या खोदाईच्या मशीनखाली झोपणाऱ्या कोंबड्यांचीही खुशाली कळवा. ते मशीन कधी हलणार, असं तुम्ही गेल्या पत्रात विचारलंत. मामा, खरं सांगते, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. आपल्या घरातली पहिली पदवीधर, त्यातून खाणींना परवानगी देणाऱ्या कचेरीत नोकरीला, आणि तुमच्या टेकडीची फाईल चक्क माझ्याच टेबलावर, तरी येत नाही! तुमचा गुडघा कसा आहे? (मामी लिहितात दुखतो, तुम्ही लिहिता दुखत नाही. मी मामींचं धरते.)

आता ऐका, मला कधी एकदा सांगते असं झालंय. मी रुजू झाले त्याच दिवशी आमच्या हेडक्लार्कनी, ज्यांना सगळी कचेरी नाना म्हणते, ही सहा वर्षांची जाडजूड फाईल माझ्यापुढे ठेवली आणि सांगितलं, "पदवीधर बाई, महिन्याभरात हिच्यातली एक त्रुटी काढायची." आमच्याकडे नियम असा आहे की तीस दिवसांत आमच्या टेबलाने अर्जदाराला त्रुटी कळवली नाही, तर फाईल आपोआप वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे निर्णयाला जाते; कळवली, तर तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, अर्ज निर्दोष व्हावा म्हणून केवढी ही काळजी! मी तीन दिवस डबासुद्धा न उघडता ती फाईल वाचली आणि एक नाही, सतरा त्रुटी काढल्या. नकाशावरचा उत्तरेचा बाण वाकडा, चौदावं पान फिकं, सही निळ्या शाईत आणि तारीख काळ्या, असं करत करत सोळावी: टेकडीच्या पायथ्याच्या विहिरीवर खोदाईचा काय परिणाम होईल ते कुणी तपासलेलंच नाही. (ती तुमचीच विहीर, मामा. लहानपणी मी जिच्या बादलीत पडले होते ती.) सतराच्या सतरा सुवाच्य अक्षरात एका पत्रात लिहून मी शाबासकीसाठी नानांसमोर उभी राहिले.

नाना खुर्चीत मागेच कोसळले. "अगं बये, दीड वर्षाचं काम तू एका कागदावर उधळलंस?" मग त्यांनी कात्री काढली, माझ्या पत्राच्या सतरा पट्ट्या कापल्या, पत्र्याच्या डबीत भरल्या आणि डबी माझ्या स्वाधीन केली. दर महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी एकच पट्टी बाहेर काढायची, बाणापासून सुरुवात. विहिरीची पाळी यायला सोळा महिने!

मी म्हटलं, ठीक, अर्जदारावर अन्याय होतोय, त्यांना भेटूच. अर्जदार म्हणजे ज्यांना आम्ही 'लवकरच शेठ' म्हणतो ते, कारण टेकडीखाली त्यांची पाटी सहा वर्षं तेच सांगते आहे. ते दुसऱ्याच दिवशी आले, आणि मामा, मला वाटलं आभार मानायला! तर हात जोडून म्हणतात, "ताई, एकेकच काढा हो. घाई कुणाला आहे?" परवानगी मिळाली की त्यांना अनामत भरावी लागेल आणि सहा महिन्यांत खोदायला घ्यावं लागेल, आता नुसत्या 'लवकरच'वर नवनवे भागीदार पैसे आणून देतात. नदीपलीकडची खाण चालवणारे तर याहून खूश, कारण दुसरी खाण सुरू होत नाही तोवर दगडाचा भाव ते म्हणतील तो. (साऱ्या कचेरीत आमच्याच खोलीला दोन पंखे का, ते मला तेव्हा कळलं. एक त्यांनी 'सहज' पाठवलेला. मी बाणेदारपणे माझी खुर्ची त्या पंख्याखालून ओढून कोपऱ्यात नेली आहे आणि दिवसभर घामाने निथळते. नाना म्हणतात, तत्त्वाला वारा लागत नाही.) म्हणजे हो म्हटलं तरी सगळ्यांचं नुकसान, नाही म्हटलं तरी नुकसान. कमाई फक्त न ठरवण्यात!

मी नानांशी कडाकडा भांडले. या थांबण्यावर पोट भरणाऱ्या प्रत्येकाला लाज वाटायला हवी, असंही म्हणाले. नानांनी फाईलचं एकशे बारावं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. मशीन उभं करायच्या जागेचा करार, महिन्याचं भाडं, आणि खाली शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली सही. माझ्या कॉलेजच्या फीच्या अर्जावर होती तीच. तुम्ही तर मशीन माणुसकीखातर ठेवून घेतलंय म्हणाला होतात! तुमचा प्रश्न वैतागाचा नव्हता, धास्तीचा होता, हे मला तिथे उभ्याउभ्या समजलं. त्या दिवशी मी भांडायची थांबले आणि डबीवर हात ठेवून बसून राहिले.

बाकी इकडे सगळं क्षेम. मामींच्या हातचा स्वेटर अजून होतो, फक्त बाह्या कोपरापर्यंत आल्यात.

तुमची भाची,
पदवीधर बाई

ता.क. मामा, रागावू नका. ते भाडं थांबलं तर तेवढेच पैसे दर महिन्याला माझ्या पगारातून येतील. फी परत करते असं मुळीच समजू नका. अंगण मी भाड्याने घेतलं असं समजा. सुट्टीत आले की माझी सायकल लावेन.

ता.क. २. खरं काम राहिलंच. विहिरीचा रहाट जरा नीट करून घ्या, पाणी तपासायला माणसं येतील. आणि मामींना सांगा, कोंबड्यांना आत्तापासूनच दुसरीकडे झोपायची सवय लावा.

ता.क. ३. मशीन कधी हलणार ते सांगता येत नाही असं वर लिहिलं, ते खोटं नाही. हो की नाही ते मोठे साहेब ठरवतील, मला खरंच ठाऊक नाही. पण परवा एकोणतिसावा दिवस होता आणि मी डबीतून एकही पट्टी अर्जदाराला पाठवली नाही. काल तिसावा. सकाळी सतराही पट्ट्या डिंकाने एका कोऱ्या कागदावर चिकटवल्या, विहिरीची सगळ्यात वर, कागद फाईलला जोडला, आणि शिपाई जेवायला गेला होता म्हणून फाईल छातीशी धरून मीच जिना चढून वर देऊन आले.